भागीदारी हवी, पण तिचा खर्च कोणत्या खात्यावर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बालशिक्षणावर आपल्या अंकात अधूनमधून येणाऱ्या लेखांची कात्रणे मी काढून ठेवते. त्यातल्या बहुतेक लेखांच्या शेवटी 'लोकसहभाग वाढवला पाहिजे' हे वाक्य असते. कधी पालकांचा, कधी स्थानिक संस्थांचा, तर कधी नुसताच मोघम 'समाजाचा'. वाचून कुणीही मान डोलवावी असेच ते वाक्य आहे. माझी अडचण एवढीच की मी शिक्षिका नाही, मी हिशेब लिहिते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे वर्ग चालवणाऱ्या एका छोट्या संस्थेच्या वह्या बरीच वर्षे माझ्याकडे आहेत. त्यामुळे हे वाक्य वाचले की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो हा: हा खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा?

प्रश्न कोता वाटेल. पण सार्वजनिक पैसा ज्या अर्जातून मागावा लागतो त्या अर्जाचा नमुना एकदा डोळ्यांखालून घाला. मानधन, शैक्षणिक साहित्य, प्रशिक्षण, दुरुस्ती आणि शेवटी 'इतर'. या 'इतर'ला वर मर्यादा असते, आणि प्रस्तावाला कात्री लागली की पहिली तिलाच लागते. आता गंमत अशी, की ज्याला सगळे भागीदारी म्हणतात ती जवळजवळ अख्खी या 'इतर'मध्ये बसते. घरोघरी जाणे, आईला सवड होईल त्या वेळी सभा घेणे, आरोग्यसेविका आणि आमच्या ताई यांची गाठ घालून देणे, पहिलीच्या शाळेतल्या बाईंशी बोलून मुलांचा पुढचा रस्ता सोपा करणे, या कशालाच अर्जात स्वतःची ओळ नाही. भिंती रंगवायला मात्र आहे. आमच्या वर्गाची एकच भिंत वेगवेगळ्या देणगीदारांनी पुन्हा पुन्हा रंगवून दिलेली आहे, कारण रंगकामाचा फोटो छान येतो.

म्हणजे नेमके काय घडते ते सांगते. आमच्याकडे एक मुलगी होती. वर्गात तोंडातून शब्द काढत नसे. ताईंनी तिच्या नोंदीत लिहिले होते, 'वर्गीकरण जमत नाही.' पुढे एका संध्याकाळी ताई तिच्या घरी गेल्या, तेव्हा मीही सोबत होते. आई घरी बसून शर्टांना गुंड्या लावण्याचे काम करत होती. नगावर पैसे. पोर तिच्या शेजारी बसून गुंड्यांच्या ढिगातून दोन भोकांच्या एकीकडे आणि चार भोकांच्या दुसरीकडे अशा झरझर निवडत होती. वर आणखी एक बारकावा होता: कडेला चीर गेलेली गुंडी ती तिसऱ्याच डबीत टाकत होती. हे तिला कुणी शिकवले नव्हते, किंवा आईने कामाच्या ओघात शिकवले होते आणि त्याला शिक्षण म्हणतात हे आईच्या गावीही नव्हते. ताईंनी तिथल्या तिथे दुसऱ्या दिवसासाठी मूठभर टाकाऊ गुंड्या मागून घेतल्या. काही दिवसांनी आईला वर्गात बोलावले. सभेला कधी न फिरकलेली ती बाई आली, कारण या वेळी तिला ऐकायला नव्हे तर दाखवायला बोलावले होते.

या भेटीला, जाणे-येणे धरून, संध्याकाळचा मोठा वेळ गेला. ताईंचे मानधन वर्ग सुटतो तिथे संपते. मग तो वेळ कुणाच्या खात्यावर? वहीत उत्तर आहे: कुणाच्याच नाही. तो ताईंच्या घरच्या वेळातून कापला गेला. आपल्याकडे अशा कामाला लष्कराच्या भाकऱ्या म्हणून हसण्यावारी नेतात, आणि ते करणारी बहुतेक वेळा बाईच असल्याने पुन्हा 'सेवाभाव' म्हणून तिचा सत्कारही करतात. सत्काराची शाल मात्र 'इतर खर्च' म्हणून मंजूर होते, हे मी नोंदवून ठेवते.

आता कुणी म्हणेल, अशा घरभेटी चांगल्याच, पण त्या म्हणजे वरची सजावट. मूळ काम वर्गात होते. या म्हणण्याला माझ्याजवळ आकड्यांतले उत्तर आहे, आणि तेही अशा अभ्यासातले, ज्याचे नाव सार्वजनिक पैशाची बाजू मांडणारा प्रत्येक जण घेतो. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात इप्सिलँटी इथे 1962 ते 1967 या काळात पेरी प्रीस्कूल नावाचा प्रयोग झाला. गरीब घरांतली 123 कृष्णवर्णीय मुले, त्यातली 58 कार्यक्रमात आणि बाकीची तुलनेसाठी. मुले मोठी झाल्यावरही त्यांचा माग ठेवला गेला. नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन आणि त्यांचे सहकारी यांनी हिशेब मांडून दाखवला की या खर्चावर समाजाला वर्षाला 7 ते 10 टक्के परतावा मिळाला. हा आकडा आता भाषणांतून, अहवालांतून, देणगीच्या पत्रकांतून सगळीकडे फिरतो. मी स्वतः तो प्रस्तावात वापरलेला आहे.

पण त्या प्रयोगातला दुसरा आकडा कुणी उच्चारत नाही. पेरीतल्या शिक्षिका सकाळी वर्ग घेत आणि दुपारी घरी जात. प्रत्येक मुलाच्या घरी, आठवड्यातून एकदा, साधारण 90 मिनिटे. आणि ते त्यांच्या नोकरीचा भाग होते, पगारात धरलेले. म्हणजे ज्या परताव्याच्या जोरावर आपण पैसा मागतो, त्यातला एक मोठा घटक मंजुरीच्या टेबलावर सर्वात आधी उडवतो. उद्योगात कुणी असे केले, म्हणजे नफा दाखवायचा जुन्या कारखान्याचा आणि नव्यात निम्मी यंत्रेच बसवायची नाहीत, तर त्याला भागधारक धारेवर धरतील. प्रयोग लहान होता, 58 मुलांवरून सगळ्या जगाचे सांगता येत नाही, हे मला मान्य आहे. पण मग 7 ते 10 टक्केही सांगू नयेत. एकाच पानावरचा एक आकडा घ्यायचा आणि दुसरा झाकायचा, हे आमच्या धंद्यात चालत नाही.

आणि पेरी एकटाच नाही. जमैकात किंग्स्टनमध्ये 1986-87 साली वाढ खुंटलेल्या 129 बालकांवर एक अभ्यास सुरू झाला. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्यखात्यातल्या साध्या कार्यकर्त्या बायका आठवड्यातून तासभर जाऊ लागल्या, दोन वर्षे. घरातल्याच टाकाऊ वस्तूंची खेळणी बनवायची, आईने बाळाशी कसे खेळावे ते करून दाखवायचे, खेळणी पुढच्या भेटीपर्यंत तिथेच ठेवायची. इमारत नाही, फर्निचर नाही. वीस वर्षांनी पाहिले तर ज्या मुलांकडे या बायका गेल्या होत्या त्यांची कमाई तुलनेच्या गटापेक्षा सुमारे 25 टक्क्यांनी जास्त भरली. इथे मुख्य खर्च माणसाच्या वेळेचा होता. आमच्या अर्जाचा नमुना लावला असता तर तो अख्खा प्रकल्प 'इतर'मध्ये गेला असता आणि मर्यादेपेक्षा जास्त म्हणून परत आला असता.

आपल्याकडेही हे काही परक्याकडून शिकायचे आहे असे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही, वर्गच उचलून पाड्यावर नेला. पुढे कोसबाडला हेच काम वाढले. त्या कामाची शैक्षणिक बाजू खूप लिहिली गेली आहे. हिशेबाची बाजू मात्र कुणी लिहीत नाही, म्हणजे पाड्यापर्यंत चालत जाण्याचा वेळ, पोरांना आंघोळ घालण्याचा वेळ, घरच्यांचा विश्वास मिळवण्याचा वेळ. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांतून सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. ही फार मोठी गोष्ट झाली, यात मला शंका नाही. पण ज्या बाईच्या खांद्यावर ती उभी राहिली तिला 'मानसेवी' ठेवले गेले. तिला ग्रॅच्युइटी लागू होते एवढे ठरायलाच 2022 साल उजाडले आणि त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. बालवर्ग, घरभेटी, वजने, सर्वेक्षणे, मोबाईलवरच्या नोंदी, सगळे तिच्याकडे. आता तिला 'समुदायाशी भागीदारी'ही करायला सांगा. ती करेलही. पण मग वर्ग कधी घेईल?

इंग्लंडातले उदाहरण जरा तपशिलात सांगते, कारण तिथे हा प्रयोग सरकारी पैशातून मोठ्या प्रमाणावर झाला, मग त्याचे रूप बदलले, मग पैसा आटला, आणि या तिन्ही टप्प्यांचे परिणाम पुढे तपासले गेले. असे सगळे एका जागी क्वचितच सापडते. 'शुअर स्टार्ट' नावाने 1999 मध्ये लहान लहान वस्त्यांसाठी कार्यक्रम सुरू झाले. आईला बाबागाडी ढकलत पोचता येईल एवढ्याच अंतरावर केंद्र असावे असा दंडक होता. कारभार स्थानिक मंडळाकडे, त्यात पालक, आरोग्यसेवेतले लोक, स्वयंसेवी संस्था. पैसा भरघोस आणि तो कशावर खर्चायचा याची मोकळीक बरीच. असे 500 हून अधिक कार्यक्रम झाले. मग सरकारला वाटले की हे सगळीकडे असले पाहिजे. कार्यक्रमांची 'बालकेंद्रे' झाली, ती स्थानिक परिषदांच्या हाती गेली, संख्या 3,500 च्या पुढे गेली आणि प्रत्येक केंद्राच्या वाट्याचा पैसा कमी झाला. 2011 मध्ये या कामासाठी राखून ठेवलेल्या निधीची राखणही उठली आणि नंतर कित्येक केंद्रे बंद पडली.

2024 मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेने पाहणी केली की ज्या मुलांच्या घराजवळ पहिली पाच वर्षे असे केंद्र होते त्यांचे सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेत काय झाले. सुधारणा दिसली. शाळेत मोफत जेवणास पात्र असलेल्या, म्हणजे गरीब घरांतल्या मुलांत ती सर्वात जास्त, सगळे विषय मिळून तीन श्रेणींइतकी. पण अहवालातली मला खिळवून ठेवणारी ओळ वेगळीच आहे. हा सगळा फायदा पहिल्या टप्प्यातल्या, लोकांच्या मंडळांनी चालवलेल्या, जास्त पैसा असलेल्या आणि दारोदार पोचण्यावर भर देणाऱ्या केंद्रांचा होता. पुढे परिषदांमार्फत उघडलेल्या केंद्रांचा असा परिणाम दिसला नाही. पाटी तीच, रंग तोच.

इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. 2005 मध्ये, म्हणजे कार्यक्रम ऐन भरात असताना, जे मूल्यमापन प्रसिद्ध झाले त्यात फारसे काही हाती लागले नव्हते. सर्वात अडचणीतल्या काही कुटुंबांबाबत तर उलटेच निष्कर्ष होते. प्रत्येक ठिकाणी वेगळेच काही चालले आहे, नेमका कार्यक्रम कोणता तेच कळत नाही, अशी टीकाही झाली, आणि ती अगदीच चुकीची नव्हती. मोकळीक दिली की काही ठिकाणी तिचे चीज होते आणि काही ठिकाणी नुसत्या सभा होतात. पण माझ्या दृष्टीने यातला धडा ताळेबंदाचा आहे. तीन-चार वर्षांनी ताळेबंद काढला तेव्हा हा खर्च वायफळ दिसला. मुले सोळा वर्षांची झाल्यावर काढला तेव्हा तोच खर्च कामी आलेला दिसला. आणि आम्हाला निधी मिळतो बारा महिन्यांसाठी.

या बारा महिन्यांविषयी थोडे सांगू द्या, कारण बाहेरच्यांना ते दिसत नाही. मंजुरी वर्ष सुरू होऊन बरेच दिवस गेल्यावर येते. पैसा त्याहून उशिरा येतो. पुष्कळदा तर 'आधी तुम्ही खर्च करा, पावत्या द्या, मग प्रतिपूर्ती करू' असे असते. वर्ष संपायला आले की त्याच कार्यालयातून रोज फोन: उरलेला निधी खर्च करा, उपयोगिता प्रमाणपत्र पाठवा. मग जे पटकन विकत घेता येते ते घेतले जाते. वस्तू पटकन येतात. विश्वास पटकन येत नाही. म्हणून खोक्यातून न काढलेले खेळसाहित्य कपाटात, आणि जिच्या जिवावर सगळे पालक यायचे ती समन्वयक बाई दुसरीकडे कामाला लागलेली. नवी बाई येते, घरे शोधत फिरते, लोक तिला विचारतात, 'आधीच्या ताई कुठे गेल्या?' या प्रश्नाला आमच्याकडे चांगले उत्तर नसते.

प्रतिपूर्तीच्या पद्धतीचा आणखी एक परिणाम आहे. आधी पदरमोड करून सहा महिने काम चालवण्याची ताकद कुणात असते? ज्याच्याकडे आधीच पैसा आहे त्याच्यात. म्हणजे वस्तीतल्या बायकांनी मिळून चालवलेला गट कागदोपत्री पात्र असूनही अर्जच करत नाही, आणि 'समुदायाची भागीदार' म्हणून निवडली जाते ती शहरातली, लेखापाल नेमलेली, इंग्रजीत अहवाल लिहिणारी मोठी संस्था. ती वाईट असते असे नाही. पण ती त्या समुदायाची नसते. मग ती संस्था वस्तीत येऊन समुदाय शोधू लागते.

पुरावा मागण्याची पद्धतही अशीच. आमच्याकडे एकदा सूचना आली की प्रत्येक घरभेटीचा, ठिकाण-वेळेची आपोआप नोंद होणारा फोटो हवा. हेतू चांगला, खोट्या भेटी थांबाव्यात. पण ताईंनी फोन वर केला की घरातली बाई उठून आत जाते, केस नीट करते, पसारा लोटून देते, मुलाला ओढून पुढे बसवते. गप्पा मारायला आलेली ताई क्षणात तपासणीस होते. गुंड्यांच्या ढिगाचा फोटो मागितला असता तर तो ढीग आधी आवरला गेला असता, आणि ताईंना तो दिसलाच नसता.

यावर अधिकारी मंडळी विचारतात, मग फसवणूक कशी रोखायची? प्रश्न अगदी रास्त आहे. हिशेब लिहिणाऱ्या बाईने तो उडवून लावणे बरे नव्हे. कागदी घोडे नाचवणाऱ्या संस्था मीही पाहिल्या आहेत. एका सभेच्या सह्या तीन सभांना जोडलेल्या पाहिल्या आहेत. माझे म्हणणे एवढेच की पहारा कुणी करायचा ते बदला. आम्ही वर्षातून एकदा सगळा हिशेब पालकांपुढे मोठ्याने वाचतो. पहिल्यांदा मीच कुरकुरले होते, कारण आकडेमोड कोण ऐकणार असे वाटले. पण ऐकतात. एका बाईने विचारले, झाडू दोनदा घेतल्याचे लिहिले आहे, वर्गात तर एकच दिसतो. दुसरा गच्चीच्या जिन्याखाली होता; दोघीतिघींनी जाऊन पाहून आल्यावरच पुढचे पान उलटता आले. एका वडिलांनी विचारले की घरभेटी इतक्या झाल्या म्हणता, आमच्या ओळीत तर कुणी आलेच नाही. ते खरे होते. त्या ओळीची जबाबदारी असलेल्या ताई बाळंतपणाच्या रजेवर होत्या आणि बदली माणूस द्यायला निधी नव्हता. ही गोष्ट कोणत्याही फोटोतून अधिकाऱ्याला कळली नसती. लेखापरीक्षक पावती तपासतो, पण भेट झाली की नाही हे ज्याच्या घरी व्हायची होती तोच सांगू शकतो.

अमेरिकेतला 'हेड स्टार्ट' हा कार्यक्रम 1965 पासून चालू आहे आणि तिथे या गोष्टीला नियमाचे बळ आहे. प्रत्येक संस्थेला एक धोरण परिषद ठेवावी लागते, त्यात निम्म्याहून अधिक सभासद सध्या शिकत असलेल्या मुलांचे पालक असतात, आणि अंदाजपत्रकाला त्यांची मंजुरी लागते. 'पालकांचे मत घेतले' असा शेरा मारून भागत नाही. तिथलीच आणखी एक तरतूद मला निम्मी पटते आणि निम्मी खटकते. केंद्र सरकारच्या पैशाबरोबर साधारणपणे 20 टक्के वाटा स्थानिक पातळीवरून उभा करावा लागतो, आणि पालकांनी वर्गात दिलेल्या वेळेची किंमत करून ती त्या वाट्यात धरता येते. पटते ते अशासाठी, की बाईच्या तासाला वहीत शून्याऐवजी आकडा लागला. आकडा लागला की ती गोष्ट दिसू लागते. खटकते ते अशासाठी, की जी वस्ती जितकी गरीब, तिथल्या आया तितक्या जास्त कामाला जुंपलेल्या, आणि निधी टिकवण्यासाठी वेळ द्यायचा तो त्यांनीच. ज्याच्याकडे वेळ सर्वात कमी त्याच्याकडूनच वेळेची वर्गणी! अडचण आल्यास ही अट शिथिल करण्याची सोय तिथे आहे, पण सोय मागावी लागते.

समुदायाने स्वतःच सगळे उभे करावे असे म्हणणाऱ्यांसाठी इटलीतल्या रेज्जो एमिलियाचे उदाहरण हमखास दिले जाते. दुसरे महायुद्ध संपता संपता, 1945 मध्ये, तिथल्या एका खेड्यातल्या लोकांनी जर्मन सैन्याने मागे टाकलेला रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून आलेल्या पैशातून मुलांसाठी शाळा बांधायला घेतली. गोष्ट विलक्षण आहे आणि लोकांना तिथेच थांबायला आवडते. पण पुढे काय झाले? नगरपालिकेने 1963 मध्ये पहिली स्वतःची बालशाळा काढली, आणि 1967 मध्ये पालकांनी चालवलेल्या शाळाही नगरपालिकेकडे आल्या. पैसा नगरपालिकेचा झाला तरी पालकांची खुर्ची गेली नाही. त्यांच्या समित्या कारभारात राहिल्या. आज जगभरातून माणसे पाहायला जातात ती या दुसऱ्या टप्प्याची कमाई आहे. रणगाडा काही दरवर्षी सापडत नाही.

तेव्हा माझी मागणी अशी आहे, आणि ती कुणा एका कार्यालयाला उद्देशून नाही. बालशिक्षणासाठी सार्वजनिक पैसा देणाऱ्या प्रत्येक योजनेत समन्वय आणि घरभेटी यांना स्वतंत्र लेखाशीर्ष असावे. तो प्रशासकीय खर्च नव्हे, तेच काम आहे. मंजुरी एका वर्षाची नसावी. मूल तीन वर्षांचे असताना दारात येते आणि सहाव्या वर्षी पहिलीत जाते, निदान एवढा काळ तरी एकच माणूस त्या घराला ओळखणारा असावा. पहिला हप्ता आगाऊ द्यावा. लहान गटांना लहान अर्ज असावा. पाच पानी अनुदानाला पन्नास पानी अहवाल मागणे बंद व्हावे. आणि हिशेब पालकांपुढे वाचल्याशिवाय पुढचा हप्ता सोडू नये. ही शेवटची अट आमच्यासारख्या संस्थांनाही जाचेल. जाचू दे.

पैसा कुठून येणार, हे विचारले जाईलच. 2022 मध्ये युनेस्कोच्या ताश्कंद इथल्या परिषदेत देशांनी जाहीरनामा केला की शिक्षणावरच्या खर्चातला किमान 10 टक्के वाटा पूर्वप्राथमिक शिक्षणाला द्यावा. तो 10 टक्क्यांचा आकडा गाठला जाईल तेव्हा जाईल. मी त्याआधीचे बोलते आहे. आज जो पैसा येतो तोही खुर्च्या, फलक आणि तिसऱ्यांदा रंगवलेल्या भिंतीवर जातो, कारण नमुन्यात त्यांनाच जागा आहे. निधी वाढला आणि नमुना तोच राहिला, तर भिंत चौथ्यांदा रंगेल.

आमचा पुढच्या वर्षाचा प्रस्ताव लवकरच जायचा आहे. त्यात 'घरभेटी व समन्वय' अशी वेगळी ओळ मी नमुन्यात नसतानाही घातली आहे आणि तिच्यापुढे पूर्ण रक्कम लिहिली आहे. ओळ कापली गेली तर कारण लेखी मागणार आहे. कारण मिळाले तर ते आपल्याकडे पाठवीन. जागा असेल तर छापावे.

आपली नम्र,
बालवर्गांचे हिशेब लिहिणारी एक वाचक